चिठ्ठीवरचा आकडा

श्रावण-भाद्रपदाच्या सणासुदीत ३१ ऑगस्ट ही तारीख आपल्या ध्यानी येतेच असे नाही. मेलबर्नमध्ये २००१ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागृती दिन त्या दिवशी देशोदेशी पाळला जातो. गेलेल्यांचे स्मरण करताना मागे राहिलेल्यांनी आपली कर्तव्ये आठवावीत, ही आपली जुनी रीत. त्या नात्याने हा दिवस आपलाही.

अमेरिकेत २०२१ या एकाच वर्षात औषधांच्या व अमली पदार्थांच्या अतिमात्रेने लाखाहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांचा घास बेकायदा फेंटानिल या अफूसदृश द्रव्याने घेतला, हे खरे; पण या संकटाची पहिली लाट नव्वदच्या दशकात डॉक्टरांच्या चिठ्ठीतूनच उसळली होती. रात्री दोनची कॅज्युअल्टी डोळ्यांपुढे आणावी: सुजून टम्म झालेला घोटा, ताटकळलेले नातेवाईक, आणि दाराशी पुढचा स्ट्रेचर. हा रुग्ण डॉक्टरांना बहुधा पुन्हा भेटणारही नसतो. अशा घाईत अफूजन्य वेदनाशामकाच्या तीस गोळ्या लिहून मोकळे होणे सोपे, पण घोटा बरा झाल्यावर कपाटात उरलेल्या गोळ्या घरात कुणाच्या हाती लागतील, हे कोणी सांगावे? न्यूयॉर्क शहराने २०१३ साली आपल्या सरकारी रुग्णालयांत हाच आकडा आवरला. इमर्जन्सी विभागातून सहसा तीनच दिवसांच्या गोळ्या, दीर्घकाळ असर टिकणाऱ्या मुळीच नाहीत, आणि हरवलेली चिठ्ठी पुन्हा लिहून मिळणार नाही. पुढे त्याच शहराच्या ब्राँक्स भागातील दोन इमर्जन्सी विभागांत हातापायांच्या दुखण्याच्या ४१६ रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेणाऱ्यांना दोन तासांनी अफूजन्य गोळ्या घेणाऱ्यांइतकाच उतार पडल्याचे दिसले.

मात्र आवर घालणे म्हणजे नकार देणे नव्हे. आपल्या देशात अफूची परवानाधारक शेती होते, तरी १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने मॉर्फिन कर्करुग्णांच्या उशाशी पोहोचेना. २०१४ साली तो कायदा सुधारावा लागला. मांडीचे हाड मोडलेल्याला, अंग भाजलेल्याला कॅज्युअल्टीत मॉर्फिन मिळालेच पाहिजे. त्याला विव्हळत ठेवणे ही सावधगिरी नव्हे, तो अन्यायच.

२०१८पासून ट्रॅमाडॉल हे अफूसदृश वेदनाशामकही आपल्याकडे याच कायद्याच्या कक्षेत आले आहे. तेव्हा पुढच्या वेळी कॅज्युअल्टीतून चिठ्ठी हाती पडली की आपण संकोच न करता विचारावे: डॉक्टर, ही गोळी कशाची, किती दिवस घ्यायची, आणि साध्या गोळीने भागणार नाही का? परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांनाही हे विचारायला सांगावे.