सळईचा आकडा थांबता कामा नये

आज जरा लांबचा विषय. पण शेवटपर्यंत वाचा.

अलास्का, कॅनडा, सायबेरिया इथे बऱ्याच भागात जमीन आतून बारा महिने गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो आणि थंडीत परत गोठतो.

हा थर किती खोल वितळला, हे मोजायची पद्धत एकदम साधी. उन्हाळा संपता संपता जमिनीत धातूची सळई खुपसायची. खाली गोठलेल्या जमिनीला टेकली की खोली बघून वहीत लिहायची. पुढच्या वर्षी परत तिथेच. ‘कॅल्म’ नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात १९९१ पासून हे काम चालू आहे.

एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही. उन्हाळा कडक असेल तर खोली वाढते, नसेल तर कमी होते. पण तीस वर्षांचे आकडे ओळीने मांडले की दिसतं, बऱ्याच ठिकाणी ही खोली वाढत चाललीय. काही ठिकाणी तर आतला बर्फ वितळून जमीनच खाली बसते. मग सळई पूर्वीइतकीच आत जाते आणि आकडा फसवतो. म्हणून आता जमिनीची पातळीही मोजावी लागते.

आपल्याला काय त्याचं? तर या गोठलेल्या जमिनीत हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन अडकलाय. तो सुटला तर व्हिसा घेऊन येणार नाही.

आता खरा मुद्दा. रशियाची निम्म्याहून जास्त जमीन पर्माफ्रॉस्टवर आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि पाश्चात्त्य देशांचं रशियन शास्त्रज्ञांसोबतचं बरंचसं काम बंद पडलं. मी तालुक्याच्या पावसाचे आकडे वर्षानुवर्षं छापतोय. एखाद्या वर्षीची नोंद राहिली तर ती नंतर कुणालाच भरून काढता येत नाही. सळईचंही तसंच.

भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. स्वालबार्डमध्ये आपलं ‘हिमाद्री’ केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोतून चालतो. आपण रशियाशीही बोलतो, पश्चिमेशीही बोलतो. तेलासाठी बोलतो, तसं या आकड्यांसाठीही बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

युद्ध कधीतरी संपेल. राहून गेलेला उन्हाळा मात्र परत मोजता येणार नाही.

तुम्हाला काय वाटतं? लिहा.