उत्तर ओठांवर असते तेव्हा

टीव्हीवर प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला की घरातील ज्येष्ठांनाही उत्तर द्यावेसे वाटते. परंतु ते ओठांवर येईपर्यंत नातवंडांनी सांगून टाकलेले असते. वयपरत्वे साठवलेले ज्ञान बहुधा शाबूत राहते, मंदावते ते शोधून काढणे. म्हणूनच चार पर्याय समोर आले की आठवणे सोपे जाते. तेव्हा वाचकहो, घरी प्रश्न विचारताना पर्याय द्या आणि थोडे थांबा. खडकीकरांनी आपल्या परिसरापासूनच आरंभ करावा : पेशवे व इंग्रज यांच्यातील खडकीची लढाई १८०३ ची, १८१७ ची, १८१८ ची की १८५७ ची? (५ नोव्हेंबर १८१७.) येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा, त्यात ज्यांची हयात गेली त्यांना प्रश्न कसले विचारायचे, त्यांच्याकडून ऐकावे!

एखादे नाव उशिरा आठवणे हा आजार नव्हे. मात्र तेच ते पुन्हा विचारणे, नेहमीचा रस्ता चुकणे, साधा हिशेब अडणे असे आढळल्यास डॉक्टरांची भेट लांबवू नका. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्यांची परीक्षा तर घेऊच नये, ‘आठवतंय का?’ असे न विचारता लढाईची गोष्ट आपणच सुरू करावी, त्यांनी हवे तेथे बोलावे.