दोन सरकारे, एकच माप

मुंब्र्याच्या परिसरात नऊ महिन्यांच्या आत दोन वेळा अशी जीवितहानी झाली की जिचा जाब सत्तेला विचारणे प्राप्त आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असता मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मरण पावला. पुढे ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली फेकले गेले. त्या दिवशी चौघांचा अंत झाला. पोलीस राज्य सरकारचे, रेल्वे केंद्र सरकारची. एका ठिकाणी प्रश्न बळाच्या वापराचा आहे, दुसऱ्या ठिकाणी हयगयीचा. तथापि ज्याच्या हाती माणसाचे जीवित सोपविले, त्याने मृत्यूचा हिशेब दिलाच पाहिजे, हा नियम दोहोंसही सारखाच लागू आहे.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा मागितला गेला? मुंब्र्याच्या अपघाताबद्दल राज्याच्या लोहमार्ग पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वेच्या अभियंत्यांविरुद्ध गुन्हा नोंदविला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. गुन्हा नोंदविण्यात वावगे काही नाही. परंतु स्वतःच्या पोलिसांची वेळ आली तेव्हा ही तत्परता कोठे होती? दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांना आरोपीच्या मृत्यूस जबाबदार धरले. तरीही ७ एप्रिल रोजी मुंबई उच्च न्यायालयाला तपासाचा आदेश द्यावा लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे तपास पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे सोपविण्यापुरताच आदेशात बदल झाला. दुसऱ्याच्या नोकराला कायदा आणि आपल्या नोकराला वकील, ही राज्यकर्त्यास शोभणारी नीती नव्हे.

केंद्राचे वर्तन याहून निराळे आहे असे मात्र कोणी समजू नये. उपनगरी प्रवाशांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो, ही शरमेची गोष्ट असल्याचे उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्येच रेल्वेला सुनावले होते. वर्षभराने मुंब्र्याला माणसे पडली, तेव्हा कोठे रेल्वे मंडळाने नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसविण्याची घोषणा केली!

आमच्या घटनेने असा भेद कधीच मानलेला नाही. बाराव्या अनुच्छेदातील ‘राज्य’ या संज्ञेत केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि स्थानिक संस्था या सर्वांचा समावेश होतो. आणि एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेला जीविताचा हक्क या सर्वांविरुद्ध सारखाच आहे. भेद उत्पन्न होतो तो यंत्रणेत. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे राज्य आयोगास केवळ राज्यसूची व समवर्ती सूची यांतील विषयांचीच चौकशी करता येते. रेल्वे केंद्रसूचीत असल्याने ती त्याच्या कक्षेबाहेर राहते. राष्ट्रीय आयोगाची कक्षा मोठी खरी, पण दोन्ही आयोगांच्या हाती आहे ती शिफारस. ती न मानणाऱ्या सरकारला जाब विचारण्याचे काम अखेर नागरिकांचेच उरते.

येथे आम्हांस आमच्या सुशिक्षित वाचकांशी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘नराधमाला कसले हक्क?’ हा प्रश्न ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कित्येक घरांत विचारला गेला. ‘बदला पुरा’ असे फलकही झळकले. बदलापुरातील गुन्हा घोर होता यात शंका नाही. परंतु पोलिसांनी तक्रारीची दखल घेण्यास विलंब लावला म्हणून २० ऑगस्ट २०२४ रोजी ज्या नागरिकांनी रुळांवर बसून रेल्वे रोखली, त्यांच्यातील अनेकांनी महिन्याभराने त्याच खात्याला न्यायाधीशाचे आसन बहाल करावे, हे नवल होय. आरोपीबरोबर त्याच्यावरील खटलाही संपला, आणि त्या बालिकांना हक्काने मिळावयाचा न्यायालयाचा निर्णय कायमचा हुकला.

मराठी माणसाने तरी दोन्ही सत्तांचा अनुभव विसरू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्या त्या मुंबई राज्याच्या पोलिसांनी. आणि १९७५ साली विनाचौकशी बंदिवास लादणारी आणीबाणी पुकारली ती दिल्लीने. आपला पक्ष दिल्लीत असेल तर रेल्वेबद्दल मौन, आणि मुंबईत असेल तर पोलिसांबद्दल मौन, हा शिरस्ता पडला तर हक्क पक्षाचे उरतील, नागरिकाचे उरणार नाहीत. आणि दोन्हीकडे एकच पक्ष वा एकच युती असेल, तर मग कोणाचेच उरणार नाहीत.

उपाय अवघड नाही. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवले आहेत, ते रेल्वेचा दाब त्यांच्यावर पडू नये म्हणूनच. हेच तत्त्व पोलीस कोठडीतील मृत्यूंस लावावे. ज्या खात्यावर आरोप, त्या खात्याकडे तपास नको. आयोगाच्या अहवालावर सरकारने महिन्याभरात उत्तर द्यावे आणि वार्षिक अहवाल कृतीच्या निवेदनासह सभागृहापुढे ठेवावा, अशी तरतूद कायद्यात आहेच. तिचे पालन व्हावे. आमच्या खासदारांनी मुंब्र्याच्या रुळांचा जाब लोकसभेत विचारावा, आमदारांनी मुंब्र्याच्या रस्त्याचा जाब विधानसभेत विचारावा. आणि मते मागण्यास ते दारी येतील, तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकाच आवाजात विचारण्याचे धैर्य मतदारांनी दाखवावे.