विमानांतील वीज गेली तर

आमच्या एका वाचकभगिनीची कन्या विदर्भांतील एका विमानविद्यालयांत वैमानिकाचें शिक्षण घेत आहे. 'एंजिनाची तपासणी नित्य होते हें ठीक. पण विमान हवेंत असतां त्यांतील वीजच बंद पडली तर पुढें काय?' असा प्रश्न त्या बाईंनीं आम्हांस केला आहे. प्रश्न मातेच्या काळजींतून निघालेला असला तरी अगदीं मुद्द्याचा आहे, आणि नुसता धीर देऊन तो मिटण्यासारखा नाहीं.

प्रथम या लहानग्या विमानाच्या घरची व्यवस्था पाहूं. एंजिनाबरोबर फिरणारें जनित्र हें घरांतील कमावतें माणूस. तें १४ किंवा २८ व्होल्ट दाबाची वीज निर्माण करतें; तिच्यांतून चालू खर्च भागतो व उरेल ती बॅटरींत जमा होते. बॅटरी ही शिल्लक. अॅमीटर नांवाची तबकडी ही जमाखर्चाची वही होय. कांहीं विमानांत तिचा कांटा मध्यभागीं शून्यावर असतो. तो डावीकडे कलला कीं शिल्लक खर्चीं पडूं लागली असें समजावें.

आतां दिलाशाची गोष्ट. नेहमींच्या पेट्रोल-एंजिनांत ठिणगी पाडण्याचें काम मॅग्नेटो नांवाचीं दोन स्वतंत्र यंत्रें करतात. त्यांत कायमचे लोहचुंबक असतात आणि एंजिनाच्या फिरण्यानेंच त्यांत वीज उत्पन्न होते. बॅटरीशीं त्यांस कांहीं कर्तव्य नाहीं. म्हणून मुख्य कळ बंद करून सारें विमान निर्वीज केलें, तरी पुढचा पंखा फिरतच राहतो. उंची व वेग दाखविणारीं जुन्या धर्तीचीं उपकरणें हवेच्या दाबावर चालतात, आणि होकायंत्रास तर कोणाचेंच साह्य लागत नाहीं. स्वच्छ दिवसा वीज गेली तर ती अडचण आहे, अरिष्ट नव्हे.

परंतु हा नियम सर्वत्र लागू पडत नाहीं. नव्या डीझेल-एंजिनांस किती इंधन द्यावें हें संगणक ठरवितो, आणि संगणकास वीज हवी. ४ मार्च २००७ रोजीं जर्मनींतील श्पायर येथें डायमंड डीए ४२ जातीच्या एका द्विएंजिनी विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरची वीज जोडून दोन्ही एंजिनें सुरू करण्यांत आलीं व विमान उडालें. चाकें आंत घेण्याची कळ फिरवितांच विजेचा दाब क्षणमात्र घसरला. तेवढ्यानें दोन्ही संगणक गोंधळले आणि दोन्ही एंजिनें एकदम थांबलीं. पुढें अशा संगणकांस स्वतंत्र राखीव बॅटऱ्या देण्यांत आल्या. तेव्हां मुलीस पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं तिच्या विमानाचें एंजिन विजेवांचून चालतें कीं नाहीं.

जनित्र बंद पडल्याचें ध्यानीं येतांच वैमानिक त्याची कळ एकदां बंद करून पुन्हां चालू करतो. कित्येकदां तेवढ्यानें काम भागतें. न भागल्यास जनित्राचा नाद सोडून खर्चास कात्री लावावयाची. महाराष्ट्रांतील वाचकांस भारनियमन हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. येथें तें स्वतःच करावयाचें असतें. वेगमापकाची नळी तापविणारी शेगडी आणि उतरतांना लागणारा मोठा दिवा हे सर्वांत खादाड. त्यांची त्या घटकेस खरी गरज नसेल तर ते आधीं बंद. रेडिओची गंमत अशी कीं तो ऐकण्यास फार थोडी वीज खातो, बोलण्यास मात्र कित्येक पटींनीं अधिक. सबब ऐकावें पुष्कळ, बोलावें मोजकें. चोवीस अँपिअर-तासांची बॅटरी चोवीस अँपिअर खर्चास एक तास पुरेल, हें शाळेंतलें गणित झालें. प्रत्यक्षांत ती जुनी असते, थंडीनें आळसावलेली असते, जोराचा उपसा असला म्हणजे आपली पुरती ठेव देत नाहीं. आणि बिघाड लक्षांत येण्यापूर्वींच तिच्यांतून किती गेलें हें कोणास ठाऊक नसतें. अमेरिकेंतील लहान विमानांच्या नियमांत अत्यावश्यक खर्चापुरती तीस मिनिटांची बॅटरी असावी असा दंडक दीर्घकाळ होता. तीस मिनिटें म्हणजे पुढच्या गांवीं पोहोंचण्याची मुदत नव्हे, जवळचा तळ गांठण्याची.

हा भेद न ओळखल्यानें काय होतें तें पाहा. ११ ऑक्टोबर १९८३ रोजीं रात्रीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्डहून कार्बन्डेलकडे एअर इलिनॉय कंपनीचें विमान निघालें. जात हॉकर सिडली ७४८. याच जातीचीं विमानें आपल्या कानपूरच्या कारखान्यांतही बनलीं आणि 'अॅव्हरो' या नांवानें तीं अनेकांच्या परिचयाचीं आहेत. आंत दहा माणसें होतीं. जमीन सोडून दोन मिनिटें होतात न होतात तोंच डावें जनित्र निकामी झालें. सहवैमानिकानें घाईंत धडधाकट असलेलें उजवेंच वेगळें काढलें, आणि तें पुन्हां जोडतां येईना. मागें स्प्रिंगफील्डचा तळ हाकेच्या अंतरावर, कार्बन्डेल पाऊण तासाच्या आसपास. निघण्यास आधींच उशीर झालेला. कप्तानानें पुढेंच जाण्याचें ठरविलें. ढगाळ रात्रीं, निव्वळ शिल्लकेवर, तो अर्धा तास उडत राहिला. मग उपकरणें एकामागून एक अंधारलीं आणि पिंकनीव्हिल गांवाजवळ विमान कोसळलें. एकही जण वांचला नाहीं. चौकशी-मंडळानें मुख्य दोष जनित्रास दिला नाहीं, परत न फिरण्याच्या निर्णयास दिला. वेळेवर पोहोंचण्याचें दडपण कप्तानानें स्वतःच आपल्यावर लादून घेतलें होतें, असें मंडळाचें मत पडलें. वैमानिकांच्या शिक्षणांत कसूर केल्याबद्दल कंपनीसही ठपका मिळाला. आम्हांस या हकीकतींत मनाला लागतें तें हें, कीं पहिलीं पांच-दहा मिनिटें सारें कांहीं त्याच्या हातीं होतें.

दुसरा बिघाड याच्या उलट, म्हणजे वीज जाण्याचा नव्हे, नको तेथें जाण्याचा. घरीं फ्यूज उडाला कीं जाड तार बांधून मोकळे होणारे बहाद्दर आपणां सर्वांच्या ओळखीचे आहेत. विमानांत फ्यूजच्या जागीं बहुधा आपोआप बाहेर उडणारें बटण असतें. तें उपकरणाच्या रक्षणासाठीं आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तें तारेच्या रक्षणासाठीं आहे. ती तार तक्त्यामागें इतर शेंकडों तारांच्या जुडग्यांत बांधलेली असते. १० जुलै २००७ रोजीं फ्लोरिडांतील सॅनफर्ड येथें सेस्ना ३१० जातीचें विमान वस्तीवर पडलें. विमानांतील दोघे आणि घरांतील तिघे मृत्युमुखीं पडले. त्या तिघांत दोन लहान मुलें होतीं. आदल्या दिवशीं दुसऱ्या एका वैमानिकास हवामान-रडारचा पडदा कोरा दिसला व जळका वास आला होता. त्यानें रडारचें बटण ओढून काढलें, वास गेला. उतरल्यावर त्यानें रीतसर नोंदही लिहिली. नोंद कागदावर राहिली. दुसऱ्या दिवशीं तारा न तपासतां विमान उडविण्यांत आलें, आणि तें बटण पुन्हां आंत दाबलें गेलें असावें असा चौकशीचा निष्कर्ष आहे. उडालेलें बटण हवेंत असतां दाबूं नये, अगदीं अनिवार्य असेल तरच आणि तेंही एकदांच, असें शिक्षक सांगतात तें यासाठीं. धूर दिसलाच तर मुख्य कळ बंद. वीज तोडली म्हणजे जळणाऱ्या तारेचें खाद्य तुटतें.

मग रेडिओ मुका, आणि तळावर तर उतरावयाचें. यासाठीं नियंत्रण-मनोऱ्यावर रंगीत प्रकाशाचा दिवा असतो. स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास मोकळीक. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्या विमानास वाट देऊन घिरट्या घालीत राहा. लुकलुकणारा तांबडा म्हणजे तळ निर्धोक नाहीं, उतरूं नका. विजेवर हलणाऱ्या पंखांच्या झडपा आतां खालीं येणार नाहींत, म्हणून वेग थोडा अधिक ठेवावा लागतो व धांवपट्टी लांब लागते. दिवा पाहिल्याची पोंच वैमानिक दिवसा पंख डोलावून देतो.