पंचहौदचा चहा आणि काठावरचे धर्मरक्षक

१८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाचे निमंत्रण होते. व्याख्यान संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी तो तसाच खाली ठेवला. मंडळी आपापल्या घरी गेली. घडले ते एवढेच.

पुढे जे घडले ते चहा न पिणाऱ्यांनी घडवले.

'पुणे वैभव' या पत्रात उपस्थितांची नावे छापून आली. चाळीसहून अधिक नावांची ती यादी, आणि तीत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले. ही बातमी पुरवली गोपाळराव जोशी यांनी. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. सुधारकांची भीड उघडी पाडावी आणि सनातन्यांचीही फजिती पाहावी, असा त्यांचा दुहेरी कावा. हाच गृहस्थ पुढे स्वतः बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आणि प्रायश्चित्त घेऊन परतलाही. दुसऱ्याच्या घरात काडी टाकून ओट्यावर बसणारा माणूस प्रत्येक धर्मवादात असतोच; पुण्याला तो जरा अधिक हुशार मिळाला, इतकेच.

बाळासाहेब नातू यांच्या पुढाकाराने सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे तक्रार नेली. चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे मंडळ नेमले गेले आणि ग्रामण्य उभे राहिले.

ग्रामण्य या शब्दाचे वजन आज सहज लक्षात येत नाही. ज्याच्यावर ग्रामण्य, त्याच्याशी रोटीबेटी व्यवहार बंद. पंक्तीला पान नाही. मुंजीला, लग्नाला, श्राद्धाला भटजी नाही. आणि खरी मेख पुढेच आहे : बहिष्कृताच्या घरी जो जेवला तोही बहिष्कृत. म्हणजे हा दंड एका माणसावर थांबत नाही. तो मेहुण्याकडे, व्याह्याकडे, शेजाऱ्याकडे सरकत जातो. चहा पिणारा पुरुष कचेरीत किंवा कॉलेजात जाऊन चार तास विसरू शके. सणावाराला ज्यांच्याकडे सवाष्ण येईना, ज्यांना माहेरचे बोलावणे येईना, वडिलांच्या तिथीला दर्भ हातात धरून ब्राह्मणाची वाट पाहावी लागे, त्या घरातील माणसांनी चहाचा वासही घेतलेला नव्हता.

आता तक्रारदारांच्या शुचितेकडे पाहावे. पुण्यापर्यंत रेल्वे येऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाची जात विचारायची सोय नव्हती. विलायती औषधांच्या बाटल्या सोवळ्याच्या घरातही पोचल्या होत्या. इंग्रजी शाळा, इंग्रजी कचेरी, इंग्रजी पगार यांपैकी कशावरही कोणी शास्त्री बसवला नाही. सोयीचा स्पर्श निमूट गिळायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या पेल्यात मात्र धर्म बुडालेला पाहायचा, ही त्या काळची रीत होती. ती त्या काळाबरोबर संपली असती तर हा धागा लिहिण्याचे कारण उरले नसते.

टिळकांनी शास्त्र्यांना शास्त्रानेच उत्तर दिले. अशा संसर्गदोषाला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेच आहे, आणि ते आपण काशीत घेतलेले आहे, ही त्यांची भूमिका. डाव म्हणून तो नामी होता. पण त्यामुळे दोन्हीकडून मार मिळाला : सनातन्यांना ते पुरेसे वाटेना, सुधारकांना ते जास्त वाटले.

रानडे यांची कथा अधिक कठीण. १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि ज्यांनी त्यांना आयुष्यभर गुरू मानले होते त्यांच्यातूनच भित्रेपणाचे शिक्के आले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाची नोंद केली आहे. रानडे यांना स्वतःला पंक्तीची ओढ नव्हती. आपल्यासोबत अडकलेल्या मित्रांच्या घरची कोंडी फुटावी म्हणून ते वाकले. हा निर्णय योग्य होता काय? त्यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. रानडे यांच्या आयुष्यात तडजोडी थोड्या नाहीत; विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या दारात भटजी नेमाने येत होता, ज्याच्या मुलीचे लग्न ठरल्या मुहूर्तावर लागत होते, त्याने रानडे यांना धैर्याचे धडे द्यावेत, ही काठावर बसून पोहणाऱ्याला हाका मारण्याची हौस झाली. आगरकरांसारख्या ज्या माणसाची पुण्याने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्याने कठोर बोलावे. त्याने किंमत मोजली होती. बाकीच्यांनी काय मोजले होते?

याच महिन्यांत देशात दुसरा एक धर्मवाद पेटलेला होता. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधाने मृत्युमुखी पडली. संमतीचे कायदेशीर वय तेव्हा दहा वर्षे असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा ठरू शकला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मार्च १८९१ मध्ये कायद्याने ही मर्यादा बारा वर्षांवर नेली, तेव्हा पुण्यातही धर्म धोक्यात आल्याची हाकाटी झाली. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा निव्वळ सबब नव्हता, कारण त्यांनी स्वतःची पर्यायी योजना मांडली होती : मुलींची लग्ने सोळा वर्षांआधी आणि मुलांची वीस वर्षांआधी करणार नाही, असे सुधारकांनीच आधी स्वतःला बांधून घ्यावे. मात्र या सगळ्या गदारोळात दहा वर्षांच्या मुलींचे म्हणणे कोणत्या सभेत ऐकले गेले? एका पेल्याची चौकशी करायला शास्त्री बसले. फुलमणीसाठी कोणत्याही पीठाने कोणाला प्रायश्चित्त सांगितले नाही. धर्मभावना नेमकी कोठे दुखावली जाते आणि कोठे ढिम्म राहते, हे १८९०-९१ चे पुणे जितके उघड दाखवते तितके क्वचितच दुसरे एखादे शहर दाखवत असेल.

आज या प्रकरणावर एका ओळीत निकाल देणारे पुष्कळ आहेत. कोणाला टिळक ढोंगी ठरवायचे असतात, कोणाला रानडे पळपुटे, कोणाला सगळे सनातनी खलनायक. निकाल देणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःच्या घरातल्या लग्नात जातीबाहेरचे स्थळ आले असता आवाज चढवतात, आणि कोणत्या बाजूने, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. गंमत अशी की चहा कोणी प्यायला आणि कोणी नाही यावर ते आजही १८९० च्या पुणेकरांइतक्याच आवेशाने भांडतात.

या ग्रामण्याची धग पुरती निवण्याआधीच, मार्च १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला. त्यांच्या मुरुड गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे पुण्यात होते, त्यांची नोकरी शाबूत होती. ठरावाचा जाच पडला तो मुरुडात मागे राहिलेल्या त्यांच्या घरच्या माणसांवर, आणि तो ठराव करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते.