आजी खरी होती का?

माझा नातू यंदा नववीत आहे. गेल्या रविवारी संगणकावरचा खेळ थांबवून त्याने विचारले, "आजोबा, हे सगळं जगच कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम असेल, तर आजी खरी होती का?" तिला जाऊन अजून वर्ष झालेले नाही.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ साली तो गंभीरपणे मांडला. संगणकात जाणीव उपजू शकते असे गृहीत धरून तो म्हणतो, तीनपैकी एक गोष्ट तरी खरी असावी. एक तर, पूर्वजांचे सबंध जग संगणकात उभे करण्याइतकी मजल गाठण्याआधीच बहुतेक समाज नष्ट होतात. किंवा मजल गाठूनही जवळजवळ कुणीच तो उद्योग करत नाही. नाहीतर बहुधा आपणच अशा जगात आहोत. यातले कोणते खरे, हे तो छातीठोकपणे सांगत नाही. लोक मात्र तिसरे कलम तेवढे लक्षात ठेवतात.

माझी हयात बँकेत गेली. लेजर तपासायला व्हाउचर लागते. लेजरवरूनच लेजर तपासता येत नाही. या जगाचे व्हाउचर जगाबाहेर असेल, तर ते आपल्या हाती यायचे कसे? न उलगडलेली रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवत असू. हा प्रश्नही मी तिथेच ठेवला आहे.

पण खात्यातला पैसा तरी काय असतो? आधी शाईचा आकडा, पुढे संगणकातला. पेन्शन घ्यायला येणाऱ्या एखाद्या म्हातारीला "बाई, हा नुसता आकडा आहे," असे मी कधी म्हटले नाही. त्या आकड्यावर तिचे औषध येत होते. जग मिथ्या म्हणणाऱ्या शंकराचार्यांनीही व्यवहाराची सत्ता नाकारली नाही, ती उगाच नव्हे.

कादंबरीत मी कित्येक पात्रे मारली आणि रात्री शांत झोपलो, कारण पात्राला दुखत नाही. ज्याला दुखते ते पात्र नव्हे, माणूस. मग तो मातीचा असो की आकड्यांचा. जग खोटे असेल, या सबबीवर कुणाच्या दुखण्याची जबाबदारी आपल्याला झटकता येणार नाही.

नातवाला मी एवढेच म्हणालो, "शेवटी शेवटी तू आजीचे पाय चेपायचास. तिला बरं वाटायचं. तेवढं खरं."