सोप्या आज्ञेच्या अवघड पळवाटा

मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या माणसाला प्रभुभोजनाचा रविवार नीट ठाऊक असतो. भाकर आणि प्याला देण्याआधी पाळकसाहेब सगळ्यांना आत्मपरीक्षण करायला सांगतात. दोन मिनिटे शांतता असते. मग एकेका बाकावरचे लोक उठून पुढे जातात. त्या रांगेत कोण कोणाविरुद्ध दिवाणी दावा लढवतो आहे, कोणत्या दोन जावांनी सहा वर्षांत एकमेकींच्या घरचा चहा घेतलेला नाही, कोणाच्या मुलीचे लग्न ‘ते आपल्यातले नाहीत’ म्हणून मोडले, हे सगळ्या बाकांना माहीत असते. पाळकसाहेबांनाही माहीत असते. तरी भाकर वाटली जाते, शेवटचे गीत होते, आशीर्वाद होतो आणि लोक घरी जातात.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने याबद्दल अगदी व्यवहारी सूचना दिली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना आपल्यामुळे कोणी दुखावला आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवायचे, आधी जाऊन समेट करायचा, मग परत यायचे. यात गूढ काही नाही. मूळ ग्रीक पाहावे लागत नाही. शब्बाथशाळेतल्या दहा वर्षांच्या मुलालाही ती कळते. माझ्या आजवरच्या आयुष्यात उपासना अर्धवट सोडून समेटासाठी बाहेर पडलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी स्वतःही कधी पडलो नाही.

हे आज लिहिण्याचे कारण म्हणजे आपल्याकडे सतत ऐकू येणारी एक तक्रार. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. एवढ्याशा समाजाचा काय प्रभाव पडणार? आता टिळक नाहीत, पंडिता रमाबाई नाहीत. आपल्यात कोणी मोठा माणूसच उरला नाही. तक्रारीपाठोपाठ उपायही ठरलेला असतो. मैदानावर तीन दिवसांची संजीवन सभा, मोठा मंडप, बाहेरगावचे वक्ते, रोग बरे होण्यासाठी प्रार्थना, आणि शेवटच्या दिवशी हात वर करणाऱ्यांची मोजणी.

मला हे निदान चुकीचे वाटते आणि उपायही. मोठ्या माणसांची उणीव ही आपली अडचण नाही. साध्या माणसांना दिलेल्या साध्या आज्ञा आपण मोठ्या माणसांच्या खाती टाकून मोकळे झालो आहोत, ही आहे.

त्या आज्ञा आहेत तरी कोणत्या? मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, हे लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते, हे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात भारी कपडे घातलेल्याला पुढची खुर्ची आणि गरिबाला जमीन देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. भावाने भावाला कोर्टात खेचू नये, त्यापेक्षा नुकसान सोसावे, हे पौल करिंथकरांना सांगतो. आणि जेवण द्यायचे तर परतफेड करू न शकणाऱ्यांना द्यावे, हे लूकमध्ये येशू सांगतो. यांतल्या एकाही गोष्टीला वक्तृत्व लागत नाही, सेमिनरीची पदवी लागत नाही, देणगीचे पावतीपुस्तक लागत नाही. खिशाला आणि अहंकाराला थोडी तोशीस मात्र लागते.

मजुरीचेच घ्या. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला द्यायचा असे ठरलेले होते. तो कधी चार तारखेला जाई, कधी सातला. माझा पगार झाला नाही, एटीएमला जाणे झाले नाही, सुटे नाहीत, अशी कारणे असत. त्याच महिन्यांत मी मंडळीत दशांश मात्र वेळेवर देत होतो, कारण तिथे लिफाफ्यावर नाव असते. एकदा मावशींनी पाच तारखेला दबक्या आवाजात विचारले, तेव्हा कळले की त्यांचे घरभाडे तीन तारखेला जाते आणि आमच्या उशिरापायी त्या दर महिन्याला शेजारणीकडून उसने घेत होत्या. याकोबाचे पत्र मला जवळजवळ पाठ होते. त्या पत्रातला तो धनवान मीच, हे ध्यानात यायला मावशींनी तोंड उघडावे लागले.

शिकलेले ख्रिस्ती आज्ञा मोडत नाहीत, तिचा अर्थ लावतात. जर्मन पाळक दीत्रिख बोनहाफर याने १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात साध्या आज्ञापालनावर एक प्रकरणच लिहिले आहे. त्यात तो बाप-लेकाचे उदाहरण देतो. बाप मुलाला झोपायला सांगतो. मुलगा विचार करतो, बाबांचा खरा हेतू माझा थकवा जावा हा आहे. थकवा खेळूनही जातो. म्हणजे बाबांना मी खेळायला जावे असेच म्हणायचे आहे. घरात असे केले तर मार बसेल, पण देवाच्या बाबतीत आपण यालाच ईश्वरज्ञान म्हणतो, अशी त्याची टीका आहे. हिटलरच्या राजवटीने एप्रिल १९४५मध्ये फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली.

आपले तर्क याच घराण्यातले आहेत. समेट कर म्हणजे मनातून क्षमा कर. ती मी केली आहे, त्याच्या दारात जायची काय गरज? कोर्टात जाऊ नये हे खरे, पण हा प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे. इथे एक गोष्ट मान्य करतो. मंडळीची सामायिक जमीन कोणी परस्पर विकत असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे जाणे हे कर्तव्य ठरू शकते. गरिबाचे हिरावून घेणाऱ्याला अडवणे म्हणजे भावाशी भांडण नव्हे. पण मी जवळून पाहिलेल्या बहुतेक दाव्यांत जमीन वाचवण्यापेक्षा कमिटीवर कोण बसणार हाच कळीचा मुद्दा होता. दोन्ही पक्ष वकिलांकडे जाण्यापूर्वी प्रार्थना करत होते.

आता थोरांकडे वळू, कारण त्यांच्या नावाची सबब सर्वांत सोयीची आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची गीते आपण दर रविवारी गातो. पण आज्ञापालनाचा धडा घ्यायचा तर मला लक्ष्मीबाई अधिक जवळच्या वाटतात. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला, काही वर्षे ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र राहायला लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि अन्नपाणी वेगळे ठेवले. मग जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले नाही की भाषण केले नाही. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले आणि तसे वागायला लागल्या. हे बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे, बाप्तिस्मा १९००मधला. ‘स्मृतिचित्रे’ तर त्याहून तीस-पस्तीस वर्षांनंतरची. म्हणजे पाण्याचा पेला आधी आला, साहित्य फार नंतर.

आपण त्या पुस्तकाचा अभिमान बाळगतो आणि पेला विसरतो. आपल्यातले बहुसंख्य लोक ज्या जातींतून आले, त्यांना तो पेला नाकारला जात होता. असे असूनही लग्न जुळवताना आजोबा पूर्वी कोण होते ही चौकशी आपल्याकडे दबक्या आवाजात होतेच. मुलगा ख्रिस्ती, मुलगी ख्रिस्ती, मंडळी एक. तरी बोलणी थांबतात आणि कारण पत्रिकेवर छापता न येणारे असते. इथे संजीवन सभेची गरज नाही. एका बापाने एका संध्याकाळी ‘हो’ म्हणण्याची गरज आहे.

रमाबाईंचेही तसेच. केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव निघाले की त्यांचे छायाचित्र डोळ्यांपुढे येते आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी भाषांतरित केलेले बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि १९२४मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण बाहेर आले. त्याच्या छपाईसाठी राबलेले हात तिथल्याच बायका-मुलींचे होते. शिशाचा एकेक टाइप उचलून ओळ जुळवणाऱ्या त्या बायकांचे पुतळे नाहीत. त्या चुकारपणा करत्या, तर रमाबाईंचे हस्तलिखित पेटीतच राहिले असते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, असल्या घरगुती सदाचाराने जगात काय बदलते? दुसरा अधिक टोकदार आहे. आज्ञापालन, आज्ञापालन म्हणत लोकांना पाळकाचे, पुढाऱ्याचे, सरकारचे मिंधे केले जाते. दलित आणि स्त्रियांना तर हा उपदेश शतकानुशतके ऐकवला गेला आहे. दोन्हींचे उत्तर मला फ्रान्समधल्या एका गावात सापडते.

ल शाँबों-स्यूर-लिन्यों हे डोंगरी पठारावरचे शेतकऱ्यांचे प्रॉटेस्टंट गाव. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस या पाळकांनी मंडळीला सांगितले, की सुवार्तेविरुद्ध वागायची सक्ती झाली तर आपण ऐकायचे नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात पळून आलेली एक ज्यू बाई पाळकांच्या दारात उभी राहिली आणि माग्दा त्रोक्मे यांनी तिला आत घेतले. मग गावात आणि आसपासच्या वाड्यांवर दारे उघडत गेली. परक्याला घरात घ्या, या आज्ञेवर तिथे परिसंवाद झाला नाही. कोणी एक खोली दिली, कोणी ताटात एक वाढपी वाढवली, कोणी खोटी ओळखपत्रे केली, आणि पोलीस येणार असे कळले की मुलांना रानात नेले. चार वर्षांत काही हजार माणसे अशी वाचली. त्याची किंमतही मोजावी लागली. पाळकाचा चुलतभाऊ दानिएल त्रोक्मे आश्रित मुलांबरोबर पकडला गेला आणि १९४४मध्ये मायदानेकच्या छावणीत मेला. १९९०मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने सबंध गावाचा सन्मान केला.

या लोकांनी सुवार्तेची आज्ञा पाळली म्हणूनच सरकारची मोडली. ज्याला एका मालकाचे ऐकण्याची रोजची सवय आहे, तोच दुसऱ्याला नाही म्हणू शकतो. पाळक सांगेल ते करणे आणि ख्रिस्ताने सांगितलेले करणे यांत गल्लत करणारी मंडळी हे कधी शिकणार नाही. आणि दार उघडण्याची सवय त्या गावाला एका रात्रीत लागली नव्हती. त्यांच्या ह्युगनो पूर्वजांनी धर्मासाठी छळ सोसला होता आणि ती आठवण घराघरांत होती. मावशींचा पगार वेळेवर देण्याचे ज्याला जमत नाही, तो पोलीस मागावर असलेल्या माणसाला घरात घेईल, यावर माझा विश्वास नाही. स्वतःबद्दल तर मुळीच नाही.

म्हणून माझी सूचना लहान आहे. यंदाच्या संजीवन सभेचा मंडप रद्द करा. त्याऐवजी पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी आत्मपरीक्षणाला दोन मिनिटे देऊ नयेत, दोन तास द्यावेत, आणि मंडळीचा दरवाजा उघडा ठेवावा. ज्याला ज्याच्याकडे जायचे आहे त्याने जावे. कोणाला सासरी जावे लागेल, कोणाला वकिलाकडे दावा मागे घ्यायला, कोणाला मागच्या गल्लीत उरलेले पैसे द्यायला. त्या सकाळी अर्धे बाक रिकामे राहिले, तर पाळकसाहेबांनी घाबरू नये. मेजावर पांढरे कापड घालून भाकर झाकून ठेवावी आणि लोक परत येईपर्यंत थांबावे.